सुरगाठ

ओलेसुंदला डिसेंबरात तीन वाजताच दिवे लागतात.
म्हणूनच असेल, मी बोलून टाकलं
बटाटे सोलता सोलता, त्याच्याकडे न बघता :
मला बांधशील का, आयविंद?

त्याने नळ बंद केला.
पुन्हा सोडला. पुन्हा बंद केला.
ज्या हातांनी सव्वीस वर्षं मासेमारीची जाळी सांधली
त्या हातांना काय करावं ते कळेना.
"माझं काही चुकलं का?"
नाही रे.
दिवसभर दातांच्या दवाखान्यात मी सांगत असते :
उघडा, मिटा, चूळ भरा, मान इकडे.
एक तास मला कुणालाच काही सांगायचं नाहीये.
"आणि मी तुला सांगायचं?"
हो. पण मी सांगू दिलं तरच.

तो दोन दिवस नावांच्या शेडमध्ये जाऊन बसला.
तिसऱ्या दिवशी विजेच्या बिलाच्या पाठीवर
तीन रकाने आखून घेऊन आला :
हो, नाही, बघू.
'नाही' त्याने आधी भरलं, पेन दाबून.
गळ्याजवळ काहीही नाही.
प्यायल्यावर नाही.
रागात नाही, तुझ्या किंवा माझ्या.
डोळ्यांवरची पट्टी मी 'हो'त लिहिली,
खोडली, 'बघू'त ढकलली.
थांबायचा शब्द ठरला रुबार्ब,
कारण बिछान्यात रुबार्ब कुणी उगाच म्हणत नाही.
कात्री खिडकीत, बोथट टोकाची, दवाखान्यातली.

दोरी त्याने उकळून हीटरवर वाळवली होती,
घरभर ओल्या सुताचा वास.
गाठीखाली दोन बोटं सरकवून बघायचा.
मुंग्या येतायत? नाही.
आता? नाही.
आता?
मला हसू फुटलं.
चर्चमध्ये पाद्र्याने एकदाच विचारलं होतं,
त्या एका 'हो'वर आम्ही एकवीस वर्षं काढली.
हा मिनिटामिनिटाला विचारत होता
आणि दर वेळी माझं 'हो' नवं कोरं निघत होतं.
खांदे सैल पडले. मी खोल, खोल गेले,
जिथे कुणाच्याही दाढा नव्हत्या.

"रुबार्ब."

मी नाही. तो म्हणाला.
एक टोक ओढलं आणि सगळं सुटलं,
साऱ्या सुरगाठी होत्या, निरगाठ एकही नाही.
मग पलंगाच्या कडेला, माझ्याकडे पाठ करून बसला.
योस्टाइनचा पाय, म्हणाला,
बोटीवर, दोराच्या वेटोळ्यात,
आणि मी विंचजवळ उभा.
हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं.
मला वाटत होतं तो शब्द माझा,
माझ्या बाजूच्या भिंतीवर टांगलेला,
आग लागली तर मी काढायचा.
मी त्याच्या पाठीवर रजई टाकली,
ब्लॅककरंटचं सरबत गरम करून आणलं.
माझ्या मनगटांवरचे वळ तो चोळत राहिला,
तेवढ्यात मीही त्याचे खांदे चोळत होते.
त्या रात्री आणखी काही झालं नाही.
झालं नाही असं तरी कसं म्हणू.

फेब्रुवारीत तो आपणहून आला.
दोरी नको, म्हणाला. लोकरीचा मफलर चालेल?
आम्ही यादी काढली. बिल तोवर भरून झालं होतं.
'नाही'मध्ये त्याने आपल्या अक्षरात लिहिलं : दोर.
खाली कंसात : सध्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत म्हातारा होल्गेर,
जन्मभर कॉड पकडलेला, सुईला भिणारा.
मी नेहमीचंच म्हणाले,
हजारदा म्हटलेलं, त्या दिवशी माझ्याच कानांवर पडलं :
दुखलं तर डावा हात वर करा, आम्ही थांबू.
त्याने लगेच हात वर केला.
अहो, अजून काही केलंच नाही.
"माहितेय," तो म्हणाला,
"थांबता का ते बघत होतो."